एक मूठ जास्त

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी भाऊचा फोन, या आठवड्यातला तिसरा. "आज कानबाई बसनी. आते निंघनी तरी सांजलोंग पोचशी." श्रावणातल्या या देवीला दरवर्षी बोलावतो आणि दरवर्षी मी काहीतरी कारण काढते. यंदाचं कारण नाटक. निदान खरं तरी आहे. चोपड्याकडे माहेरी आत्ता सगळे भाऊबंद जमले असतील, वहिनी नैवेद्याच्या रोटांच्या मागे असेल. मी इथे देवपुरात जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या अंकाचा शेवट करत बसलेय.

"कसानं नाटक शे?" भाऊ.

"घरातलंच."

"मंग पाहाले काय जावानं, घर तं शेच." हसला आणि ठेवला.

दु. ४.१० ला 'पडदा' हा शब्द लिहिला. ८१ पानं. सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिलं नाटक, तेही भूगोलाच्या बाईचं. ह्यांना पहिली वीस पानं वाचून दाखवली. एकच शंका: "यात नवरा कुठाय?"

६ ऑगस्ट, बुध.

शाळेच्या हॉलमध्ये वाचन. आमचा ग्रुप नऊ जणांचा, त्यात नाना दिग्दर्शक. आयुष्यभर खांबांवर चढून वायरमनची नोकरी केली आणि संध्याकाळी नाटकं बसवली. आता निवृत्त, म्हणून दिवसभर नाटकं बसवतात. वाचन चालू असताना डोळे मिटून. मला वाटलं रंगलेत.

संपल्यावर, "बाई, शाळेचं वेळापत्रक तुम्हीच करता ना?"

"हो. अकरा वर्षं."

"चांगलं करत असाल. हेही वेळापत्रकच आहे. आधी आईचा तास, मग मुलाचा, मग सुनेचा, मग शेजारणीचा. कोणाचा तास कोणाच्या आड येत नाही. मधली सुट्टी पण वेळेवर."

सगळे हसले. मीही हसले, दात ओठ खात.

नानांचा निकाल असा: महिनाअखेर कथानक उभं राहिलं तर हे नाटक स्पर्धेला. नाहीतर एखादं छापील घेऊ. घरी येऊन भांडी जरा जोरात घासली. वेळापत्रक म्हणे.

८ ऑगस्ट, शुक्र.

आज नानांनी खडू घेतला आणि हॉलच्या फरशीवर सात रेघा मारल्या. पहिल्या अंकाचे सात प्रवेश म्हणजे सात खांब.

"शेजारीण येऊन जाते तो प्रवेश काढा. पुढच्या खांबावरची तार पडली?"

"नाही."

"म्हणजे त्या खांबावरून वीज जातच नव्हती. पुसा."

मुलगा-सून भांडण. माझा आवडता प्रवेश, संवाद फार झकास जमलेत. काढला. तार पडली नाही. आबांचं, म्हणजे वडिलांचं, स्वगत काढलं. तार तशीच. सातातले चार गेले. मी चिडले होते, पण पाचव्याला मीच म्हटलं, "नाना, हा पण पुसा," आणि त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

परत येताना पांझरा नदीच्या पुलावर एकटीच हसत होते. म्हणजे प्रवेश चांगला आहे की वाईट हा प्रश्नच नाही. तो ओढतो का, आणि त्याला कोणी ओढतं का. एवढी साधी गोष्ट मला इतकी वर्षं नाटकं बघून कळली नव्हती. ह्यांना उत्तर देता आलं: "नवरा यासाठी नाही. खांब काढला, तार पडली नाही."

हे नीट जेवले नाहीत. चिडले असावेत.

१४ ऑगस्ट, गुरु.

काय दिवस. क्रमाने लिहिते, नाहीतर राहील काहीतरी.

हॉलच्या बाहेर अक्काची चहाची टपरी. नाना म्हणाले, अक्काला गोष्ट सांगा. वाचायची नाही, सांगायची. "मी बाकावर बसतो. तुमच्याकडे बघणार नाही, तिच्या हाताकडे बघणार."

दूध चढवलेलं. मी सुरू केलं. एक घर आहे, केळीवालं, आई आहे, तापट मुलगा आहे, लेकीचं नुकतंच लग्न झालंय... अक्का कप विसळते, आलं ठेचते, रिक्षावाल्याला हाक मारते. मधूनच, "सांग सांग, ऐकी ऱ्हायनू." कसलं ऐकतेय. मी घाम पुसत पुढे. कानबाईचे दिवस, लेक माहेरी आलीय, आई रोट थापतेय, लेक बोलता बोलता एक तुकडा तोंडात टाकते आणि तेवढ्यात मुलगा शेतातून येतो, तर मुलगा असा...

"थांब." अक्काचा हात जागच्या जागी. "कोन खादा रोट?"

"लेकीने."

"लगीन व्हयेल लेक? मायना घरना रोट खादा? आनि माय काय करी ऱ्हायंती?"

मी काही बोलायच्या आत दूध उतू गेलं. शेगडीवर, अक्काच्या पायावर, सगळीकडे. अक्का शिव्या देत फडकं शोधतेय आणि तरी विचारतेय, "मंग? मंग काय व्हयनं?"

नाना उठून चालायला लागले. कोपऱ्यावर गाठलं तर म्हणाले, "नाटक तिथे आहे. तुम्ही तिथून पळ का काढलात?"

मी अक्काच्या दुधाचे पैसे द्यायला परत फिरले.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. मुलींचं संचलन चाललेलं आणि माझं डोकं भलतीकडे. आज लिहून टाकते. ही वही कोणी वाचत नाही.

लग्नानंतरची माझी पहिली कानबाई, तेवीस वर्षांपूर्वी. शनिवारी माय रोटाचे गहू मोजायला बसली. घरच्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ. ओठांतल्या ओठांत नावं: आबा, काका-काकू, भाऊ, ती स्वतः. संपली नावं. मग तिने परत पोत्यात हात घातला आणि आणखी सव्वा मूठ सुपात टाकली. माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी चुलीमागे माझ्या हातात रोट दिला. "खाय. मी मोजेल शे तुले."

मी सासरची झाले होते. मला तो चालत नव्हता. मला ठाऊक होतं, तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. मी खाल्ला, आणि फार गोड लागला.

पुढच्या जूनमध्ये वादळ आलं आणि अख्खी केळीची बाग आडवी झाली, निसवलेली, घडांसकट. आबा दोन दिवस बांधावर बसून. घरात कोणी कोणाला काही म्हणालं नाही. माय आणि मी एकदाच एकमेकींकडे बघितलं. त्यानंतर मी दिवाळीला जाते, भाऊबीजेला जाते, लग्नकार्याला जाते. कानबाईला कधीच नाही. माय जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही दोघी यावर एक शब्द बोललो नाही. भाऊला काहीच माहीत नाही.

आणि नाटकात मी काय केलं? कंसात टाकलं. (लेक बोलता बोलता एक तुकडा तोंडात टाकते.) नवीन लिहिणारी म्हणून चुकले असं नानांना वाटत असेल. तसं नाहीये ते.

१७ ऑगस्ट, रवि.

आज चौदा पानं. सकाळी सातला बसले ती उठलेच नाही. ह्यांनी खिचडी केली, करपली, तीही खाल्ली. गुपित शेवटपर्यंत लपवलं. अगदी शेवटी आई सांगते: मी हिला मोजलं होतं. दणका. लिहिताना माझ्याच अंगावर काटा.

१९ ऑगस्ट

नानांनी ऐकलं. "दणका छान. पण तोवर दीड तास प्रेक्षक काय करणार? शेंगदाणे खाणार?"

हा माणूस मला आवडेनासा झालाय.

२१ ऑगस्ट, गुरु.

सापडलं. सापडलं. वर्गात सापडलं.

आठवी ब, घटक चाचणी. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलीच्या कंपासपेटीत चिठ्ठी. मागच्या दोन्ही रांगांना माहीत. मला कळलंय हे त्यांना माहीत नाही. मी नुसती चालत होते, रोज चालते तशी, आणि मागच्या रांगा माझ्या चपलेकडे बघत होत्या. मी थांबले तर वीस पेनं थांबली. खिडकी लावायला वळले तर वीस जणींनी श्वास सोडला. मी काहीच करत नव्हते. नुसती खिडकी लावत होते.

मूठ शेवटी नाही, पहिल्याच मिनिटाला. सगळ्या प्रेक्षकांसमोर, उघड. घरातल्यांना माहीत नाही, प्रेक्षकांना माहीत आहे. मग मुलगा गिरणीतून पीठ आणून म्हणाला, "या बारीले पीठ जास्त लागी ऱ्हायनं," तरी सभागृह जागचं हलणार नाही. सून रोट मोजेल. काका गमतीत म्हणतील, कोणी पाहुणा यायचाय का. साधी साधी वाक्यं. माझ्या पहिल्या खर्ड्यात हीच वाक्यं होती आणि मेलेली होती.

चिठ्ठी काढून घेतली. त्या मुलीला ओरडले नाही. तिला काय वाटलं असेल देव जाणे.

२४ ऑगस्ट, रवि.

नानांना नवीन पहिला अंक सांगितला. बसून ऐकत होते ते मध्येच उभे राहिले. खडू घेतला आणि स्वतःच रेघा मारायला लागले. मूठ. पीठ. रोटांची संख्या. लेकीचं खाणं. वादळ. पाच खांब.

"आता काढून बघतो हं," म्हणाले, आणि एकेक पुसत गेले. पीठ पुसलं तर मुलाला शंका येत नाही. खाणं पुसलं तर वादळ म्हणजे नुसतं हवामान. कुठलाही पुसा, पुढचा कोसळतो. नाना पुसत होते आणि परत मारत होते. पांढरा सदरा खडूने आणखी पांढरा.

"जमलं," एवढंच म्हणाले. छापील नाटक बाद.

अक्काकडे सगळ्यांना चहा मी पाजला. अक्काला बातमी कळली होती. "पन शेवट काय शे?" तिचा प्रश्न. माझाही.

७ सप्टेंबर, रवि.

तालीम. लेकीचं काम प्राजक्ता करते. कोल्हापूरची, बँकेत बदलीवर आलीय, कानबाई हा शब्द तिने इथेच ऐकला. रोटाच्या जागी बिस्किट होतं. तिने ते मजेत खाल्लं, चहाबरोबर खावं तसं. नानांनी कपाळाला हात लावला.

मग तिला समजावलं. रोट घरच्याच माणसांचा, त्यांच्याच नावाने मोजलेल्या गव्हाचा. बाहेरच्याला द्यायचा नाही. एकही उरू द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा. लेक लग्न होऊन गेली की ती बाहेरची.

प्राजक्ताने बिस्किटांचा पुडा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे आईनं चोरून लेकीला परत घरात मोजलं?"

मला एक्याऐंशी पानं लागली होती, हिने एका वाक्यात सांगितलं.

पुढच्या खेपेला बिस्किट तिच्या घशाखाली उतरेना. खरंच अडकलं, पाणी द्यावं लागलं. नाना खूश. मी हॉलच्या मागे जाऊन डोळे पुसून आले. चुलीमागे मी उभी होते अगदी तशीच ती उभी होती, भिंतीकडे तोंड करून.

नानांनी आज विचारलं, हे कोणाच्या घरातलं आहे का. "ऐकीव," म्हटलं.

२१ सप्टेंबर, रवि.

दुसरा अंक म्हणजे डोकेदुखी. वादळ होऊन गेलंय, पुढची कानबाई आलीय, लेक आलेली नाही. आता? आईला कबुली द्यायला लावली, नाना म्हणाले भाषण झालं. लेकीला पत्र लिहायला लावलं, नाना म्हणाले निबंध. मुलाला गिरणीवाल्याकडून कळतं असं केलं. "मग गिरणीवाल्यालाच नायक करा."

"तुम्हाला शेवट माहीत नाही," म्हणाले, "म्हणून तुम्ही सगळ्यांना बोलायला लावताय."

खरंय. मला माहीत नाही. कुठून माहीत असणार, मी गेलेच नाही परत.

२५ सप्टेंबर, गुरु.

आज नाना शांत होते. चहा घेता घेता म्हणाले, "पहिल्या अंकात जे एकदा झालं, ते दुसऱ्यात परत होऊ द्या. फक्त आता त्याची किंमत वेगळी. तुमच्याकडे काय आहे परत होण्यासारखं?"

मूठ. अर्थात मूठ.

बसस्टॉपवर उभ्या उभ्या पर्सवर कागद ठेवून लिहिलं. वर्षभराने आई परत गहू मोजायला बसते. लेक येणार नाही हे तिला कळलंय. बाग गेलीय, घरात सगळे दोष शोधतायत. तिला माहीत आहे पकडली जाईन. नावं संपतात. हात परत पोत्यात जातो.

दोन बस सोडल्या.

मग ओघाने पुढचं आपोआप. सगळे जेवतात, खाणारी नाही, म्हणून परातीत एक रोट उरतो, उरूच नये तो. मुलगा बघतो. "हा कोणाचा?"

तिथेच पडदा.

हे मी बनवलंय हं. मायने दुसऱ्या वर्षी असं केलं असेल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. नाटकाला हवं होतं म्हणून लिहिलं.

२८ सप्टेंबर

संहिता पाठवली. नाना: "कोणाचा, याचं उत्तर?"

"मला माहीत नाही."

"मग प्रश्नावरच पडदा. भित्रेपणाने नाही, माहीत नाही म्हणून. ते चालतं."

१२ ऑक्टोबर, रवि.

घरच्यांसमोर पूर्ण प्रयोग. पंचवीस-तीस माणसं. पहिला अंक संपला, दिवे लागले, आणि कोणी उठेना. अक्का किटली घेऊन दारात उभी, तिच्याकडे कोणी बघेना. नानांनी मला कोपराने ढोसलं. या ढोसण्यासाठी मी दोन महिने शिव्या खाल्ल्या, वसूल झाल्या.

घरी येताना ह्यांनी स्कूटर थांबवून विचारलं, "हे तुमच्या घरातलं आहे ना?"

सांगितलं. सगळं. तेवीस वर्षांत यांनाही नव्हतं सांगितलं.

"आणि भाऊंना?"

प्रयोग जळगावला. भाऊ येणार, तो न येता कसा राहील. चार-पाचशे लोकांत बसून त्याला कळणार की आईने काय केलं, बहिणीने काय खाल्लं, आणि पुढच्याच जूनमध्ये बाग गेली. आबा त्या धक्क्यातून शेवटपर्यंत वर आले नाहीत. भाऊने कॉलेज सोडलं ते त्याच वर्षी.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

चोपड्याहून अमळनेरमार्गे परतताना, बसमध्ये. अक्षर वाकडं येतंय.

आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. ओवाळलं. जेवणात वहिनीने कळण्याची भाकरी खास माझ्यासाठी केली होती. मग भाऊ नवीन बाग दाखवायला घेऊन गेला. सगळी निसवलीय. एकेका झाडाला हात लावून दाखवत होता. "ही देख. ही देख." अशा वेळी मी काय सांगू त्याला?

"भाऊ, सोळा नोव्हेंबरला जळगावला प्रयोग आहे."

"ईसू ना. जळगाव काय लांब शे? तुनी वहिनीले बी लयसू." मग म्हणाला, "मन्ही बहीन नाटक लिखस. गावमा सांगेल शे मी बठ्ठासले."

बठ्ठासले. सगळ्यांना.

२६ ऑक्टोबर

ह्यांचं म्हणणं, शेवट बदल. रोट उरतच नाही असं कर, विषय मिटला. नानांकडे गेले. ऐकीव नाही, माझंच आहे, हेही सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, याचा जरा राग आला.

"बदलता येईल," म्हणाले. "मग पहिली मूठ पण काढावी लागेल. मग पीठ. मग काय राहतं ते तुम्हीच बघा."

बघितलं. शेजारीण राहते.

माय-आबा नाहीत, भाऊ तुटला तर माझं माहेर संपलं. एका नाटकासाठी हे करावं का? कागदावर 'हो' लिहून बघितलं. बराच वेळ बघत बसले. खोडलं नाही.

१६ नोव्हेंबर, रवि. जळगाव

विंगेतून बघितलं. पाचव्या रांगेत भाऊ, पांढरी टोपी, शेजारी वहिनी नव्या साडीत.

मुठीचा प्रवेश. आई नावं घेते. शेवटचं नाव होतं, हात पोत्यात जातो. खालून एका बाईचा स्पष्ट आवाज, "अगं माय." मग अशी शांतता की सुपात पडणाऱ्या दाण्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला असेल. मी हसत होते. नाना प्रकाशयोजनेच्या टेबलामागून अंगठा दाखवत होते, सत्तरीचा माणूस.

मध्यंतरात भाऊ उठला नाही. वहिनी पाण्याची बाटली घेऊन आली, त्याने घेतली नाही.

दुसरा अंक कधी संपला कळलं नाही. "हा कोणाचा?" अंधार. टाळ्या यायला तीन-चार सेकंद लागले आणि मग थांबेचनात.

रंगमंचावर बोलावलं, गेले, नमस्कार केला. पाचव्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या.

१७ नोव्हेंबर

फोन नाही. मी केला, उचलला नाही. शाळेत सगळ्यांनी अभिनंदन केलं. मुख्याध्यापिकांनी फुलं दिली. काल किती आनंदात होते मी, तोही खरा होता आणि हेही खरं आहे. निकाल आठवड्याने. कधीही लागो.

१८ नोव्हेंबर

वहिनीने उचलला. "शेतमा गयेल शेत." एवढंच. आवाजावरून काही कळेना.

१९ नोव्हेंबर, बुध.

मधल्या सुट्टीत भाऊचा फोन. नकाशांच्या खोलीत जाऊन घेतला, दार लावून. जसं आठवतंय तसं.

"तुना नाटकमा एक गोट चुकेल शे."

"कोणती?"

"तो रोट उरत नही."

"भाऊ, ते नाटकात..."

"ऐक ना. कानबाईना रोट उराले चालस का? माय उरू दी का? शेवटला रोट माय माले दे. दर वरीसले. बठ्ठा जेवी उठनात का माले थांबाडे. 'तुले भूक जास्त शे, खाय' म्हने. वीस वरीस खादा मी तो. माले वाटे मी लाडका शे."

नकाशांच्या पेटीवर बसले.

म्हणजे तिने खरंच दुसऱ्या वर्षी मोजलं. तिसऱ्या वर्षी मोजलं. मी इथे सुट्टी नाही, पेपर तपासायचेत, पाहुणे आलेत असं सांगत होते आणि ती तिथे पोत्यात हात घालत होती. मी नाटकाची गरज म्हणून बनवलं होतं ते.

भाऊ बोलतच होता. "माय गयी तवयपाईन कानबाईले मन्हं पोट भरत नही. माले वाटे आपलं वय व्हयनं."

मग मी सांगितलं. चुलीमागचं, वादळाचं, एकदाच एकमेकींकडे बघितलं ते. रडत की काय कोण जाणे. मग तो म्हणाला, "वादय बठ्ठा शिवारमा उनं व्हतं. बठ्ठासन्या आंडेरी रोट खायेल व्हत्यात का?"

गावातल्या सगळ्या लेकी एकदम चुलीमागे उभ्या राहून रोट खातायत असं डोळ्यांसमोर आलं आणि मला हसू फुटलं. तेवीस वर्षं मी जे उचलून फिरले ते याने एका वाक्यात खाली ठेवलं. तो मात्र हसला नाही.

"पन माले सांगाले पाहिजे व्हतं," म्हणाला. "तू नही तं मायनी."

घंटा झाली. तो म्हणाला, "आते गहू तुनी वहिनी मोजस. तिले काय सांगू?"

मी पेटीवरून उठून मान्सूनचा नकाशा काढला.

"इचार कर," म्हणाला आणि ठेवला. नववी अ ला मान्सून शिकवायचा होता. काय शिकवलं आठवत नाही.

२२ नोव्हेंबर, शनि.

नानांना सांगितलं. ते बाकावर, अक्का टपरीत, मी उभी. रोट दर वर्षी भाऊच खायचा हे ऐकून अक्काने पदर तोंडाला लावला. नानांनी चहा खाली ठेवला आणि सवयीने खिशात खडू चाचपला. नव्हता.

"म्हणजे आपला पडदा चुकला. नाटक संपलं नव्हतं," म्हणाले. "तिसरा अंक लिहा."

म्हटलं, हा मला लिहिता येणार नाही. यात मीच आहे.

कारण आता चोरून होणार नाही. माय ओठांतल्या ओठांत मोजायची. भाऊने सांगितलं तर वहिनी उघड मोजेल, समोर सगळे काका-पुतणे बसलेले. सासरची लेक मोजायची का यावर कोणीतरी उठणार. कोण उठेल ते मला आत्ताच दिसतंय, त्याचं वाक्यसुद्धा ऐकू येतंय. भाऊ त्याला काय म्हणेल ते मात्र ऐकू येत नाही. आणि भाऊला मी नको म्हटलं, तर मायने इतकी वर्षं मोजलं ते कशाला? हो म्हटलं तर भाऊबंदांत त्याचं काय होईल? दोन्ही बाजूंनी तार ताणलेली. लिहिणारीला असा पेच सापडला तर ती नाचेल. आणि खरं सांगते, भीती वाटतेय तरी आतून थोडी नाचतेच आहे मी.

संध्याकाळी शाळेचा रजेचा अर्ज काढला. कारण: माहेरी कानबाई. दिवस: दोन, रविवार धरून. सही केली. तारखेची जागा मोकळी ठेवली, पुढच्या श्रावणाचं कॅलेंडर घरात अजून यायचंय.

भाऊला फोन लावला. लागला. "बोल," म्हणाला, आणि मागून वहिनीचा आवाज आला, "काय म्हनतीस त्या?"